शेवटून दुसरी फळी

३ मार्च

ती. मावशी,

नमस्कार. वाकूनच करायला हवा, पण सध्या कंबर धरली आहे, तेव्हा उभ्यानेच घे. आधी फोन करणार होतो. मग आठवलं, मागच्या खेपेला मी ‘बागेत अडकलोय’ म्हणालो, तुला ‘वाघ’ ऐकू आला आणि तू ताईला धावत माझ्याकडे पाठवणार होतीस. त्यापेक्षा पत्र बरं.

बातमी अशी की मी ट्रेलर घेतला. जुनाच आहे, पण लोखंडी सांगाडा दणकट. पिकअपच्या मागे जोडला की गवत कापायचं यंत्र, हिरवळ दाबायचा लोखंडी रोलर, मातीची पोती, सगळं एका खेपेत जातं. त्याचीच गरज होती, कारण गावाबाहेरच्या मोठ्या वसाहतीच्या बागा आता आमच्याकडे आल्या आहेत. आमच्याकडे म्हणजे मी आणि माझा मेहुणा. लग्नात तू पाहिलाच आहेस त्याला, प्रत्येक दारातून वाकून आत येणारा लंबू. नोकरी सोडून माझ्याबरोबर आलाय. कामाला वाघ आहे (आता खरोखरचा वाघ म्हणालो).

अडचण एकच. ट्रेलरचा तळ लाकडी आहे आणि आधीच्या मालकाने तो वर्षानुवर्षं उघड्यावर ठेवला असावा. फळ्या राखाडी पडल्यात, हात फिरवला की कुसळं टोचतात. दुकानदार म्हणतो, एक डबा सीलर आणा, फासा, मोकळे व्हा. घरी तुझी सूनबाई म्हणते, ‘ज्या बाईने जन्मभर होड्या पाण्यापासून वाचवल्या तिला विचारा की.’ म्हणून विचारतो. पावसाला पुरून उरेल असं काय करू? लवकर कळव, काम सुरू व्हायला फार दिवस नाहीत.

तुझा,
धांदल्या


१० मार्च

चि. धांदल्या,

आशीर्वाद. कंबर शेकत जा.

त्या दुकानदाराचं ऐकू नकोस. त्याला डबा खपवायचाय, तुला ट्रेलर वापरायचाय. नीट वाच, आणि वाचता वाचता उठून पळू नकोस.

आधी सगळ्या फळ्या सोडव. स्क्रू गंजले असतील, थोडं तेल सोड आणि रात्रभर राहू दे. खडूने आकडे घाल म्हणजे परत बसवताना भांडण नको. मग एक जाड स्क्रूड्रायव्हर घे आणि प्रत्येक फळी खालून दाबून बघ. टोकांशी बघ, आणि जिथे ती लोखंडी पट्टीवर टेकलेली असते तिथे तर हटकून बघ, कारण पाणी तिथेच बसून राहतं. टणक लागली तर ठीक. पावात सुरी जावी तसा स्क्रूड्रायव्हर आत गेला, तर ती फळी बाद. वरून कितीही चांगली दिसू दे, नवीन घाल.

मग ब्रशने धू आणि सावलीत, वारं लागेल अशी उभी करून वाळव. चांगले काही दिवस जाऊ देत. वरून कोरडी दिसते म्हणून फसू नकोस, गाल लावून बघ, ओली फळी गार लागते. ओल्या लाकडावर सीलर लावलास तर ओल आतच कोंडशील. वाळली की पॉलिश पेपर मार, आणि मग पातळ हात दे. दोन्ही बाजूंना. खालच्या बाजूला वरच्यापेक्षा जास्त जपायचं, चाकांचा चिखल तिथेच उडतो. कापलेली टोकं दोनदा भिजव, लाकूड पाणी पितं ते टोकांनी. शेवटच्या हातावर वरच्या बाजूला बारीक वाळू भुरभुरव, नाहीतर लंबू घसरेल. बसवताना फळ्यांमध्ये पेन्सिल जाईल एवढी फट ठेव. आणि तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, त्या आपोआप पेटतात. पसरून वाळव.

झालं. घाई करायची नाही हे वेगळं सांगत नाही, सांगून उपयोग झाला असता तर तुझं नाव वेगळं पडलं असतं.

इथे ठीक. शेडमध्ये एक छोटी होडी घेतली आहे, तळाच्या दोन फळ्या बदलायच्या आहेत. पोटची लेक असून ताई रोज टुमणं लावते की आता शेड बंद कर. परवा माझ्याकडून गॅसवर दूध राहिलं, भांडं काळं झालं. तेवढ्यावरून तिने असा चेहरा केला जणू मी घरच पेटवलं. तिची भांडी करपत नाहीत का? पण माझं वय झालं ना, म्हणून माझं करपलेलं मोजलं जातं.

सूनबाईला आशीर्वाद.

मावशी


२१ मार्च

ती. मावशी,

नमस्कार. तुझं पत्र वेळेत मिळालं. सगळं तू सांगितलंस तसं केलं. तळ असा झालाय की लंबू त्यात वाकून भांग पाडतो. वाळूही टाकली. वसाहतीतला पहारेकरी विचारत होता, नवीन ट्रेलर का?

काम सुरू झालंय, श्वास घ्यायला फुरसत नाही, म्हणून एवढंच. होडी कशी आहे? ताईचं मनावर घेऊ नकोस.

तुझा,
धांदल्या


१८ जून

ती. मावशी,

सप्रेम नमस्कार. माझं पत्र बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल. ह्यांना न सांगता लिहिते आहे.

दोन आठवड्यांपूर्वी ट्रेलरवर अपघात झाला. माझा भाऊ वर उभा राहून रोलर खाली घेत होता. रोलर फळीवर आला आणि फळी मोडली, शेवटून दुसरी. भावाचा पाय मांडीपर्यंत खाली गेला आणि रोलर कलंडून त्याच पायावर आला. नडगी दोन ठिकाणी मोडली आहे. ऑपरेशन झालं, आत पट्टी घातली आहे. जीव वाचला, पाय वाचला, पण पूर्वीसारखा चालेल का, यावर डॉक्टर नुसते ‘बघू’ म्हणतात. तुम्हाला माहीत नसेल, तो धावायचा. रोज पहाटे.

आता मूळ मुद्दा. ह्यांची अवस्था मला बघवत नाही. जेवायला बसतात आणि ताटाकडे बघत राहतात. भावाच्या खोलीत जातात, उशी सारखी करतात आणि बाहेर येतात. दवाखान्यात माझ्या वडिलांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, ‘ट्रेलर तपासला नव्हता का?’ तेव्हा हे म्हणाले, ‘मावशीने कळवलं तेवढं सगळं केलं. धुवायचं आणि सीलर लावायचं. फळ्या दाबून बघायच्या असतात हे तिने लिहिलं नव्हतं.’ ते ऐकून वडिलांनी विषय सोडला.

मावशी, हात जोडून सांगते, याचा तुम्ही मनाला त्रास करून घेऊ नका. तुम्ही आपुलकीने सांगितलंत. या वयात एखादी गोष्ट लिहायची राहून जाते, त्यात दोष कसला? माझ्या आईचंही असंच होतं. मी हे कळवते आहे ते एवढ्यासाठी, की हे सगळं स्वतःवर घेऊन बसलेत. तुम्ही चार शब्द लिहिलेत तर ह्यांचं मन हलकं होईल. तुमचं ते ऐकतात.

तुमची,
सून


२६ जून

चि. धांदल्या,

आशीर्वाद. सूनबाईने सगळं कळवलं. तिच्यावर चिडू नकोस.

त्या पोराच्या पायाचं वाचलं आणि मी बसले ती उठलेच नाही. ताई दोनदा विचारून गेली.

मला एक सांग, आणि सरळ सांग. मी खरंच लिहिलं नव्हतं का? माझ्या डोळ्यांसमोर ते पत्र लिहितानाची मी आहे. स्क्रूड्रायव्हर घे, खालून दाबून बघ, असं लिहिल्याचं मला आठवतं. पावाचं काहीतरी लिहिलं होतं. की हे मी दुसऱ्या कुणाला सांगितलं होतं, त्या होडीवाल्याला वगैरे, आणि माझ्या डोक्यात सगळं एक झालं? जन्मभर जी गोष्ट मी सगळ्यात आधी सांगत आले, तीच तुला सांगायची राहिली असेल तर मग मला माझंच काही कळेनासं झालंय.

तू पत्रं सांभाळून ठेवणारा नाहीस, हे मला ठाऊक आहे, म्हणून ते मागत नाही. पण वाचलेलं तुला आठवत असेल. मला बरं वाटावं म्हणून खोटं लिहू नकोस. राहिलं असेल तर राहिलं असं लिही, मी ऐकून घेईन.

आणि तू जेव. तू तुला सांगितलेलं सगळं केलंस. त्याच्यापुढे माणूस काय करणार?

मावशी


९ जुलै

ती. मावशी,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला, दवाखाना आणि काम यांत दिवस जातो.

लंबूची तब्येत सुधारते आहे. टाके काढले. कुबड्या घेऊन अंगणापर्यंत येतो. कुबड्याही त्याला आखूड पडल्या, दुकानात लांब मिळेनात, शेवटी खाली लाकडाचे ठोकळे जोडून घेतले. त्यावरून हसतो. त्याचं हसणं तसंच आहे.

वसाहतीचं काम सुटलं नाही. मी एकटाच जातो. सध्या ट्रेलर वापरत नाही.

पत्राचं म्हणशील तर आता त्या गोष्टीचा काथ्याकूट कशाला? झालं ते होऊन गेलं. कुणाच्याही हातून राहतं. तुला कुणी दोष देत नाही, मी तर मुळीच नाही. तू विचार करणं सोड आणि झोप नीट घे. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
धांदल्या


२ ऑगस्ट

चि. धांदल्या, सौ. सूनबाई आणि चि. लंबू,

तिघांना आशीर्वाद. तिघांसाठी एकच पत्र लिहिते, कारण तीन लिहिली तर एकात काहीतरी राहील आणि कशात राहिलं ते मला कळणार नाही.

सोबत एक काठी पाठवते आहे, लंबूसाठी. कुबड्या सुटल्या की लागेल. त्याची उंची सूनबाईकडून मागवून घेतली होती. मूठ हाताला गोल लागेल अशी केली आहे, टोकाला रबर आहे. तेल पाजलंय, चारही बाजूंनी. ताईला उभी करून बघून घेतलंय की चारही बाजूंनी लागलं.

शेडमधलं माझं हे शेवटचं काम. होडीवाल्याला बोलावून सांगितलं की बाबा, तुझी होडी घेऊन जा. तो म्हणाला, ‘अर्धं तर झालंय, बाई.’ म्हटलं, उरलेल्या अर्ध्यात मी काय विसरेन, याची मला खात्री नाही आणि तुला तर पोरांना घेऊन पाण्यात जायचंय. तो फार वाईट चेहरा करून गेला. मोठी विजेची करवत ताईने एका कारखान्याला दिली. रंधे आणि पटाश्या अजून आहेत, त्या कुणी मागितल्या तर देऊन टाकीन.

ताई मला डॉक्टरकडे घेऊन गेली होती. त्याने घड्याळाचं चित्र काढायला लावलं, काही शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने ते विचारले. मला सगळे आले. तो म्हणाला, ‘आजी, तुमचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं आहे.’ ताईला हायसं वाटलं. मला नाही वाटलं. त्याला काय माहीत मी मार्चमध्ये काय विसरले ते.

लंबू, तुझ्याशी मी कधी दोन वाक्यंही धड बोलले नाही आणि आता बोलते तर हे. मी एक गोष्ट लिहायला विसरले आणि तुझा पाय मोडला. तू धावायचास असं कळलं. म्हातारीला माफ कर, असं म्हणायचीही मला लाज वाटते, पण दुसरं काय म्हणू ते सुचत नाही.

मावशी


११ ऑगस्ट

ती. मावशी,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. मग हवं तर फाड.

तू विसरली नव्हतीस. स्क्रूड्रायव्हर, खालून, टोकांशी, लोखंडी पट्टीपाशी, पावात सुरी, ओल्या लाकडावर नको, दोन्ही बाजूंना. सगळं लिहिलं होतंस. मी सगळं वाचलं होतं. एकही शब्द राहिला नव्हता, मावशी, तुझ्याकडून काहीही राहिलं नव्हतं.

काय झालं ते सांगतो. सोमवारी काम सुरू व्हायचं होतं आणि मी शनिवारी सकाळी ट्रेलरला हात घातला. स्क्रू गंजलेले, दोन सुटले, तिसऱ्याचं डोकं तुटलं, तेव्हा ठरवलं, फळ्या सोडवायच्या नाहीत. आहेत तशाच धुतल्या. ऊन कडक होतं, दुपारपर्यंत वरून कोरड्या दिसायला लागल्या. गाल लावला नाही. लावला असता तर फळी गार लागली असती, हे मला माहीत होतं, म्हणूनच लावला नाही.

मग खाली सरपटत गेलो आणि स्क्रूड्रायव्हरने दाबून बघितलं. मावशी, मी बघितलं होतं. बाकी फळ्या टणक होत्या. शेवटून दुसरीत तो मुठीपर्यंत गेला, टोक वरून निघालं. बाहेर काढला तेव्हा टोकाला ओला भुसा लागला होता. दुकानात त्या मापाची फळी बुधवारी येणार होती. मी म्हटलं, बुधवारी बघू, तोवर चालून जाईल. भोक वरून दिसू नये म्हणून सीलरचा ब्रश तिथे दोनदा फिरवला. त्यावर वाळू टाकली. खालच्या बाजूला थेंबही लावला नाही. बुधवारी काम जोरात होतं. त्यानंतरच्या बुधवारीही होतं. ट्रेलर चमकत होता, लोक वाखाणत होते, आणि मग ती फळी माझ्या डोक्यातूनच गेली. विसरणारा मी होतो.

दवाखान्यात सासऱ्यांनी विचारलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. तोंडातून तुझं नाव निघालं. मनात म्हटलं, मावशी लांब आहे, तिच्या कानावर जाणार नाही, तिचं काय बिघडतंय? मग हिने तुला लिहिलं. मग तुझं पत्र आलं, ‘सरळ सांग’ म्हणून. ते पत्र मी पिकअपमध्ये बसून वाचलं. उत्तर लिहायला बसलो की हात खरं लिहायचा नाही. शेवटी ते जे काय लिहिलं, ते तू वाचलंस. त्यात ‘तू लिहिलं नव्हतंस’ असं कुठेही नाही, हे मी स्वतःला कितीतरी वेळा सांगितलं. इतका मी हुशार.

काल तुझी काठी आली. आम्ही जेवायला बसत होतो. लंबूने तुझं पत्र मोठ्याने वाचायला घेतलं. ‘माफ कर, असं म्हणायचीही मला लाज वाटते’ इथे त्याने पत्र खाली ठेवलं. हिला म्हणाला, ‘ताई, आपण जाऊ या त्यांच्याकडे. मी चालून दाखवतो त्यांना.’

तेव्हा मी सांगितलं. उभं राहून सांगितलं, कारण बसलो असतो तर पुन्हा गिळलं असतं.

लंबूने काठीच्या मुठीवर अंगठा फिरवला. मग म्हणाला, ‘त्या शनिवारी मला विचारलं असतंस ना, तर मीच म्हणालो असतो, फास वरून, सोमवारी काम आहे.’

मी म्हटलं, ‘पण मी विचारलं नाही.’

‘नाही विचारलंस,’ तो म्हणाला. ‘ते मात्र खरं.’ आणि उठून आत गेला, काठी न घेता, भिंतीला धरून.

तुझ्या सूनबाईने ताटं उचलली. मला वाटलं ओरडेल. ती एवढंच म्हणाली, ‘पायाचं मी कधीतरी गिळीन. घाई झाली, चूक झाली. पण त्या बाईला तुम्ही दोन महिने वेड्यात काढलंत आणि मला त्यात सामील करून घेतलंत. मी लिहिलंय त्यांना, वयामुळे होतं म्हणून. माझ्या हाताने.’ तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

सासऱ्यांनाही सांगून आलो. ते काय म्हणाले ते लिहीत नाही, त्यांचं बरोबर होतं.

करवत परत मिळेल का ते बघायला मी येऊ? होडीवाल्याला मी भेटून खरं काय ते सांगू? तू म्हणशील ते करीन. माफी मागत नाही. तुझ्या पत्रातली माफी वाचल्यावर तो शब्द माझ्या तोंडी शोभत नाही.

धांदल्या


२५ ऑगस्ट

धांदल्या,

तुझं पत्र ताईने आणून दिलं. मी पहिली चार वाक्यं वाचली आणि तिला हाक मारली. म्हटलं, ‘वाच, मोठ्याने वाच, मी लिहिलं होतं!’ दोघी स्वयंपाकघरात उभ्या होतो आणि मी लहान पोरीसारखी हसत होते. तू असं पत्र लिहिलंस आणि मला आनंद झाला. याची कल्पना कर.

मग पुढचं वाचलं.

तुझा पत्ता लिहायलाही हात होईना इतका राग आला, म्हणून इतके दिवस थांबले. तू फळी रंगवलीस त्याचा राग नाही. सोमवारचं काम आणि बुधवारची फळी, हे मी लाख वेळा पाहिलंय. राग वेगळाच आहे, आणि तो तुला कळावा म्हणून लिहिते.

या दोन महिन्यांत मी घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायचे आणि परत यायचे, कुलूप बघायला. गॅस बंद केला की ताईला विचारायचे, ‘बंद आहे ना?’ ती हो म्हणायची, तरी हात लावून बघायचे. तुझ्या लंबूची काठी करताना एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा केली, आणि तरी झोप लागेना. माझेच हात मला परके झाले होते. ज्या हातांवर मी नवरा गेल्यावर पोर वाढवली, तुला सुट्टीत आणून ठेवलं, त्या हातांचा मला धाक वाटायचा. कुणी म्हातारीला म्हातारी म्हणालं तर मी त्याच्या अंगावर धावून जाते, तुला माहीत आहे. पण तू म्हणालास, म्हणून मी विश्वास ठेवला. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी म्हटलं असतं, तुम्हीच विसरलात.

मी तुला लिहिलं होतं, सरळ सांग. तू काथ्याकूट नको म्हणालास.

करवत गेली. कारखान्याने ती जमिनीत बोल्ट मारून बसवली आहे, ती काही परत येत नाही. होडीवाल्याकडे तू जायचं नाहीस. माझी गोष्ट मी सांगीन.

इकडे येऊ नकोस. आत्ता नको. आलास तर मी काय बोलेन ते मला माहीत नाही, आणि बोलून झालेलं परत घेता येत नाही.

सूनबाईला सांग, तिच्या पत्राचा मला राग नाही. तिने चांगल्या मनाने लिहिलं होतं. लंबूला सांग, काठी दर महिन्याला तेलाच्या फडक्याने पूस.

मावशी


३० सप्टेंबर

ती. मावशी,

नमस्कार. तू येऊ नकोस म्हणालीस, लिहू नकोस म्हणाली नाहीस, म्हणून लिहितो. उत्तराची घाई नाही.

ट्रेलरच्या सगळ्या फळ्या काढल्या. डोकी तुटलेले स्क्रू ड्रिलने काढावे लागले. पावसाळ्यात अजून एक फळी मऊ पडली होती, शेवटून तिसरी, तीही बाद केली. बाकीच्या अंगणात भिंतीला उभ्या आहेत. रोज संध्याकाळी गाल लावून बघतो. शेजाऱ्याला वाटतं माझं काहीतरी बिनसलंय. अजून गार लागतात, म्हणून थांबलोय. वसाहतीत सामान दोन-तीन खेपांत नेतो.

लंबू काठी घेऊन चालतो. लंगडतो. डॉक्टरांनी परवा शेवटी सांगितलं की धावणं जमणार नाही.  घरी आलो, पिकअपमधून उतरताना मी हात पुढे केला तर त्याने घेतला नाही, स्वतः उतरला. आज मात्र तो अंगणात येऊन खुर्ची टाकून बसला आणि म्हणाला, ‘टोकं दोनदा भिजवायची म्हणे. मावशींनी लिहिलं होतं ना?’ मी म्हटलं, ‘हो, लिहिलं होतं.’ तो म्हणाला, ‘मग आण इकडे ब्रश, बसल्या बसल्या टोकं मी करतो.’ फळ्या वाळल्या नव्हत्या, म्हणून ब्रश नाही दिला. पण वाळल्या की देणार आहे.

ही बोलते. थोडं थोडं.

तुझा,
धांदल्या


१९ ऑक्टोबर

चि. धांदल्या,

आशीर्वाद.

होडीवाला परत आला. दुसरीकडे नेली होती, तिथे त्यांनी फटी कशाने तरी लिंपून दिल्या आणि ती पहिल्याच दिवशी भरली. पोरं भिजली, बाकी काही नाही. मी त्याला सांगितलं, ‘मी काही विसरले नव्हते, माझ्या भाच्याने खोटं सांगितलं होतं.’ तो म्हणाला, ‘मला वाटलंच होतं.’ मला तेवढं पुरलं.

शेडमध्ये करवत नाही, तेव्हा फळ्या तो बाहेरून कापून आणतो, मी रंधा मारते. ताई कुरकुरते आणि दुसरं टोक धरते. तिला टोक धरता येतं हे मला आजवर माहीत नव्हतं. हात थोडे थरथरतात, ते आधीपासूनच. गॅस मी आता एकदाच बघते. कुलूप कधीकधी अजून दोनदा बघते, ती सवय जाता जाईल.

तुला माफ केलं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सकाळी केलेलं असतं, दुपारी नसतं. पण आतली बाजू झाली आहे आणि आता तळाला तेल द्यायचं, तर होडी उलटी करायला हवी. त्याला चार जण लागतात. होडीवाला आहे, ताई आहे, मी आहे. लंबूला आणू नकोस, त्याने वजन उचलायचं नाही.

रविवारी सकाळी ये. जेवायला घालीन. बोलेन की नाही, ते तू आल्यावर बघू.

मावशी